शितावरून काडतुसाची परीक्षा

उल्हासनगरात काय बनत नाही, असं कल्याणपलीकडे राहणाऱ्या कुणालाही विचारलं तर उत्तर द्यायला तो जरा घुटमळेल. जीन्सपासून फर्निचरपर्यंत सगळं तिथे बनतं, आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आता इतका जुना झालाय की सांगणाऱ्यालाही हसू येत नाही. पण ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते ज्याची कोनशिला बसली ते हे शहर मुळात लष्करी तळावर उभं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ट्रान्झिट कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि ‘कॅम्प नंबर अमुक’ हा पत्ता कायमचा राहिला. सैनिक गेले. सैन्याचं काम मात्र पुढच्याच स्टेशनावर, अंबरनाथला, अजून चालू आहे.

अंबरनाथच्या ‘ऑर्डनन्स’बद्दल बाहेरच्यांची समजूत अशी की भिंतीआड बॉम्ब भरले जातात. खरं तर तो धातूचा कारखाना आहे. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम वितळवायचं, ओतायचं, लाटायचं, त्याला आकार द्यायचा, हे त्याचं काम. रायफलच्या काडतुसासाठी लागणाऱ्या पितळी वाट्या तिथे तयार होतात. दारूगोळा कारखान्यांचं मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा हा कारखाना नागपूरच्या ‘यंत्र इंडिया’कडे गेला आणि पुढे काडतूस भरणारे वरणगाव आणि खडकीचे कारखाने पुण्याच्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे. मालक बदलले तरी क्रम तोच: धातू एकीकडे, भरणी दुसरीकडे, आणि शेवटी चांदमारीवर परीक्षा.

या लेखाचा विषय ती परीक्षा आहे. काडतूस चांगलं आहे की नाही हे ठरवायचं कसं? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक अडचण आहे: जे काडतूस तपासलं ते उरत नाही.

आधी काडतुसात काय असतं ते पाहू. चार गोष्टी: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोकताच पेटणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत धूर न करणारी दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा ओढला की टोपी पेटते, टोपी दारूला पेटवते, वायूचा दाब साडेतीन-चार हजार वातावरणांपर्यंत चढतो आणि साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात गोळी नळीबाहेर पडते. एवढ्या वेळात पुंगळीला दोन कामं करायची असतात. फुगून नळीच्या भिंतीला चिकटायचं, म्हणजे वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येणार नाही. आणि दाब उतरताच किंचित आक्रसायचं, म्हणजे ती सहज बाहेर निघेल. फुगावं पण फाटू नये, आक्रसावं पण सैल पडू नये, असा धातू शोधताना बहुतेक जग ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताच्या पितळेवर येऊन थांबलं.

पट्टीतून चकती कापतात, चकतीची वाटी करतात आणि ती वाटी ठशांतून पुन्हा पुन्हा ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मधे मधे भट्टीत तापवून त्याला मऊ करावं लागतं. लष्करी पुंगळीच्या मानेशी निळसर-पिवळट डाग दिसतो, तो शेवटच्या तापवण्याचा. तो पुसत नाहीत, कारण तो दिसला की काम झाल्याची खात्री पटते.

हे तापवणं किती महत्त्वाचं, ते आपल्याच पावसाळ्याने इंग्रजांना शिकवलं. ब्रिटिश राजवटीत पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावायच्या, आणि काडतुसं कोरडी राहावीत म्हणून घोड्यांच्या पागांत ठेवली जायची. पाऊस संपल्यावर पेट्या उघडल्या की पुंगळ्यांना उभ्या चिरा गेलेल्या. कुणी हात लावलेला नाही, कुणी आपटलेलं नाही, नुसती पडून फुटलेली! या दुखण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडलं. ओढून ओढून केलेल्या पितळेत ताण उरलेला असतो, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया त्या ताणलेल्या पितळेला कणाकणांच्या सांध्यांवर कुरतडतो. पुंगळी पुरेशी तापवून आतला ताण काढून टाकणं हाच उपाय. धातुशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण आजही येतं, आणि त्याचं मूळ आपल्याकडच्या पागांत आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता हाताने भरलेल्या काडतुसांकडे. गोळी सुटल्यावर टोपी, दारू आणि गोळी जाते, पुंगळी उरते, आणि काडतुसातला महागडा भाग नेमका तोच. अमेरिका-युरोपातले नेमबाज ती पुन्हा वापरतात. मापात दाबून घेतात, नवी टोपी बसवतात, दारू तोलून घालतात, नवी गोळी लावतात. दारूचं वजन ‘ग्रेन’मध्ये करतात, एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळजवळ निम्मं. काटकसर हे अर्धं कारण. मोठं कारण असं की कारखाना काडतूस सगळ्या रायफलींसाठी बनवतो आणि हा माणूस एकाच रायफलीसाठी. एकसारखेपणाच्या हट्टात तो एकेका पुंगळीचं वजन करतो, टोपी बसवायची खाच घासून स्वच्छ करतो, आणि मग रेंजवर जाऊन आपल्या हाताची परीक्षा घेतो.

आपल्याकडे हे घरी करता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायलाच काय, त्याची चाचणी घ्यायलाही परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. लष्करी आणि पोलिसी चांदमारीवर रिकामी पुंगळीसुद्धा मोजून परत करायची असते. मला हा कायदा जाचक वाटत नाही. हाताने भरण्याच्या छंदात एक चूक क्षम्य असते आणि दुसरी नसते, आणि दुसरीच्या वेळी शेजारच्या जागेवर पडून नेम धरणारा नेमबाजही सापडतो. पण छंद नसला तरी परीक्षा आहेच. वरणगावला आणि खडकीला भरलेला माल, पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत, म्हणजे ‘एआरडीई’त, जन्मलेली नवी काडतुसं, परदेशातून आलेले खेळाडूंचे डबे, या सगळ्यांना हाच प्रश्न विचारला जातो: हे सगळे एकसारखे आहेत का?

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. पण ती खरी ठरायला एक अट आहे, आणि ती स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असते: पातेलं सारखं शिजलेलं हवं. वरचं शीत मऊ लागलं आणि तळाशी भात कच्चा राहिला तर परीक्षा फुकट. म्हणून काडतुसांत ‘लॉट’ ही चीज फार पवित्र. एकाच पितळेच्या, एकाच दारूच्या, एकाच यंत्रावर एका दमात भरलेल्या काडतुसांना एक लॉट क्रमांक मिळतो, आणि परीक्षा काडतुसाची नसून त्या लॉटची होते. त्यातली काही काडतुसं वेगवेगळ्या पेट्यांतून, मनात येईल तिथून उचलायची आणि उडवायची. उरलेल्यांबद्दलचा निकाल या उडालेल्यांवरून.

पहिलं मोजमाप वेगाचं. गोळीचा वेग मोजताच येणार नाही असं माणसाला शतकानुशतकं वाटत होतं, कारण ती दिसतच नाही. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने तोफविद्येवरच्या पुस्तकात सोपी युक्ती मांडली. जड लाकडी ठोकळा टांगायचा, त्यात गोळी मारायची, ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचं आणि त्यावरून वेग काढायचा. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली तमिळ किनाऱ्यावरच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. त्यानंतर शंभरेक वर्षांनी बेल्जियन अधिकारी ल बुलांजे याने विजेवर चालणारं यंत्र केलं. गोळी आधी एक तार तोडते, मग दुसरी. प्रत्येक तार तुटताच एकेक दांडी खाली पडते, आणि एका दांडीवर उठलेल्या खुणेवरून मधला वेळ कळतो. आजचा क्रोनोग्राफ तीच कल्पना प्रकाशाने करतो: पहिल्या पडद्यावर गोळीची सावली, मग दुसऱ्या, आणि मधल्या वेळाचा भागाकार. अलीकडे डॉप्लर रडारची छोटी डबी बाजूला ठेवली तरी चालते. हा बदल नेमबाजांच्या खिशालाही मानवला असावा, कारण प्रकाशावर चालणाऱ्या क्रोनोग्राफमधून नेम धरताना स्वतःचंच यंत्र उडवून टाकलेले हौशी लोक जगभर आहेत.

वेगाची सरासरी कळली की नवखा माणूस खूश होतो. जाणता विचारतो, पसारा किती? सरासरी ८४० मीटर प्रतिसेकंद असलेल्या रायफलीत एखादी गोळी एक टक्का मंद निघाली तर ३०० मीटरवर ती दीड-पावणेदोन सेंटिमीटर खाली लागते. तेव्हा खरा आकडा सरासरीचा नसून सरासरीभोवतीच्या विखुरण्याचा, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. आणि नेमका हा आकडा लोक फारच थोड्या गोळ्यांवरून काढतात.

समजा पाच गोळ्या उडवल्या आणि यंत्राने प्रमाण विचलन ६ मीटर प्रतिसेकंद दाखवलं. अख्ख्या लॉटचं विचलन किती असेल? गणित सांगतं, ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येईल की ते ३.६ आणि १७ यांच्या मधे कुठेतरी आहे. म्हणजे काडतुसं उत्तम असू शकतात किंवा टाकाऊ. पाच गोळ्यांना ते ठाऊक नाही. तीस गोळ्या उडवल्या आणि तरीही ६ च आलं, तर मर्यादा ४.८ ते ८.१ अशी आवळते. आता काही बोलता येईल. हाताने भरणारे हौशी लोक दारू थोडी थोडी वाढवत प्रत्येक वजनाच्या तीन-तीन गोळ्या मारतात आणि ज्याने कागदावर छिद्रांचा सगळ्यात छोटा घोळका दिला ते ‘जमलेलं’ वजन मानतात. खरं तर त्यांनी बहुतेकदा नशीब मोजलेलं असतं.

कागदावरच्या घोळक्याचंही तेच. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर हा घोळका मोजायचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवा मार्ग. तीच रायफल, तीच काडतुसं, तोच हात. तरी तीन गोळ्यांपेक्षा दहा गोळ्यांचा घेर सरासरीने दीडपटीहून थोडा जास्तच निघतो, फक्त गोळ्या जास्त आहेत म्हणून. पाकिटात जपून ठेवलेला तीन छिद्रांचा सुंदर कागद दाखवणारा नेमबाज खोटं बोलत नसतो. त्याने पन्नास कागदांतला एक निवडलेला असतो, एवढंच. आणि बाहेर गेलेल्या छिद्राला ‘माझीच चूक’ म्हणून मोजणीतून वगळायची सवय तर त्याहून वाईट. चुका आपल्या आणि गुण काडतुसाचे, असा हिशेब मांडला तर कुठलंही काडतूस पास होईल.

दुसरं मोजमाप दाबाचं, आणि इथे कारखाना आणि घर यांत मोठी दरी आहे. दाब मोजायची जुनी पद्धत गमतीदार होती. चाचणीच्या नळीला बाजूने भोक पाडून दट्ट्या बसवायचा आणि दट्ट्यावर तांब्याचा छोटासा दंडगोल तुकडा ठेवायचा. गोळी सुटली की वायू तो तुकडा चेपतो. चेपल्यावर तो किती आखूड झाला ते मोजून दाब ठरवायचा. आता त्या जागी दाबाचं विजेत रूपांतर करणारा स्फटिक असतो आणि पडद्यावर दाबाची पूर्ण रेषा उमटते: कधी चढला, किती चढला, कधी उतरला. नाटो देशांच्या पद्धतीत काडतुसं उणे ५४, २१ आणि ५२ अंश सेल्सिअसला ठेवून मग उडवतात, कारण दारू तापली की जोरात जळते आणि दाब वाढतो. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला डबा आठवा, म्हणजे ५२ हा आकडा दूरचा वाटणार नाही.

घरी भरणाऱ्याकडे स्फटिक नसतो. तो उडालेल्या पुंगळीकडे बघून अंदाज बांधतो: टोपी चपटी झाली का, बोल्ट उघडताना अडकला का, पुंगळीच्या बुडावर चमकदार ओरखडा आला का. या खुणा खऱ्या आहेत, पण त्या उशिरा दिसतात. अनेकदा खूण दिसते तेव्हा मर्यादा आधीच ओलांडलेली असते. शिवाय थंडीत सुरक्षित ठरलेलं वजन उन्हाळ्यात तसंच राहील याची हमी नाही. या एका बाबतीत मी सरळ कारखान्याच्या बाजूने आहे.

रेंजवरचा सर्वांत मोठा धोका मात्र जास्त दारूत नाही, तो दारू नसण्यात आहे. दारू घालायची राहिली तर टोपी एकटीच गोळीला नळीत ढकलते आणि ती तिथेच अडकते. आवाज नेहमीसारखा धडाका नसतो, बारीक ‘फट्’ असा येतो. तेव्हा थांबून नळी रिकामी आहे का ते पाहायचं असतं. घाईत पुढची गोळी झाडली तर दोन गोळ्यांच्या मधे कोंडलेला दाब नळी फाडतो. तसंच घोडा ओढल्यावर काहीच झालं नाही तर लगेच बोल्ट उघडायचा नाही; नळीचं तोंड चांदमारीच्या बांधाकडे ठेवून तीसेक सेकंद वाट बघायची, कारण क्वचित टोपी उशिरा पेटते. कारखान्यात दारू न भरलेली पुंगळी हुडकायला यंत्रं असतात. घरी डोळ्यांना आणि मिणमिणत्या दिव्याला विचारावं लागतं.

आता महाराष्ट्राला खरोखर जवळच्या परीक्षेकडे येऊ. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य. तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, म्हणजे बदलापूर लोकलला डोळे वटारायचा अधिकार असलेल्या खात्याचा माणूस! हे दोघंही ज्या .२२ रायफलीने खेळले तिची काडतुसं हाताने भरताच येत नाहीत. तिच्यात वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला पुंगळीच्या दुमडलेल्या कडेत असतो, आणि रायफलीची ठोकणारी पिन त्या कडेवर आपटून ती चेपते. एकदा चेपली की पुंगळी संपली. म्हणून इथे भरण्याऐवजी निवड करावी लागते.

निवडीचा प्रकार असा. जर्मनी-इंग्लंडमधल्या काडतूस बनवणाऱ्या कंपन्यांकडे बंदिस्त ५० मीटर रेंज असतात. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो आणि तिथे ती पक्क्या पकडीत बसवतात, म्हणजे माणसाचा श्वास, हृदयाचे ठोके आणि मन तिघंही बाहेर. मग एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या लॉटमधल्या गोळ्या ओळीने मारतात आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्य प्रत्येक लॉटचा घोळका काढून देतं. डब्यावरचं नाव, किंमत, दर्जा सगळं सारखं, तरी एक लॉट एका नळीत नाण्याएवढं भोक पाडतो आणि दुसऱ्या नळीत पसरतो. का, याची उत्तरं पुष्कळ आहेत: नळीचं कंपन, कडेतल्या मसाल्याचं वाटप, शिशाची कणी, मेणाचा थर. कुठलंही उत्तर आधी सांगता येत नाही, म्हणून मारून बघायचं.

यात मिलिमीटर किती मोलाचे, ते गणिताने पाहू. या गोळीचा वेग ३२५ ते ३३० मीटर प्रतिसेकंद. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा भागही लागत नाही, आणि तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. हे खाली येणं रायफलीच्या साइटमध्ये आधीच धरलेलं असतं. पण एखादी गोळी १० मीटर प्रतिसेकंदाने मंद निघाली तर, बाकी सगळं सारखं धरून, ती आणखी सातेक मिलिमीटर खाली लागते. आता लक्ष्य बघा: दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, आणि अंतिम फेरीत गुण दशांशात. मधोमध लागली तर १०.९, आणि ही सात मिलिमीटर खाली गेलेली गोळी १०.० च्या आसपास. नेमबाजाने काहीही चूक केली नाही आणि आठ-नऊ दशांश गेले. पॅरिसच्या पात्रता फेरीत कुसाळे ५९० गुणांनी सातवा होता आणि आठच जण पुढे गेले, हे लक्षात घेतलं की खेळाडू काडतुसांच्या लॉटवर एवढा जीव का टाकतो ते कळतं.

म्हणून चांगला लॉट सापडला की नेमबाज त्यातली परवडतील तितकी काडतुसं एकदम घेतो, सरावासाठी दुय्यम लॉट वापरतो, आणि चांगला मोठ्या स्पर्धेसाठी राखून ठेवतो. तरी तो संपतोच. मग नवा लॉट शोधायचा. पण तोवर हजारो गोळ्या झाडून नळीही झिजलेली असते, आणि मागच्या लॉटचा घोळका तिला लागू राहत नाही. जुन्या कागदावरचे आकडे बाजूला ठेवून रायफल पुन्हा पकडीत बसवावी लागते.